पोलादही थकते : बॉयलरच्या भेगेविषयी चार शब्द



हंगाम आटोपला, पट्टा पडला, की आपल्याकडे बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते आणि तो विषय म्हणजे उसाचा भाव. ते रास्तच आहे. मात्र सर्वसाधारण सभेत ताळेबंदाचे वाचन चालू असताना ‘दुरुस्ती व देखभाल’ हे सदर आले, की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. “बॉयलर तर ठणठणीत चाललाय, मग दरसाल एवढा पैसा त्याच्यात कशापायी घालायचा? तोच टनामागं भावात द्या की!” या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावरून बहुधा घाईत दिले जाते. ते सविस्तर देणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. भेगा शोधण्याचा आणि पाणी शुद्ध राखण्याचा खर्च हा कारखान्याच्या खर्चात सर्वांत शेवटी कात्री लावण्याचा खर्च आहे. आणि बॉयलर टिकवण्याचे निम्मे काम बॉयलर हाऊसमध्ये होत असले, तरी निम्मे काम तुमच्या आमच्या उसाच्या फडात होते.

कुंपणाची तार पक्कडीशिवाय तोडायची असेल तर आपण काय करतो? एकाच जागी पुढे-मागे वाकवतो. एकदा वाकवली तर काही होत नाही, पण दहा-वीस वेळा वाकवली की कट्‌कन तुटते. तार कमजोर नव्हती, ती थकली. बैलगाडीची आस, ट्रॉलीचा हुक, पंपाचा शाफ्ट हे सारे याच मार्गाने जातात. ओझे एका वेळी झेपण्यासारखे असते, पण तेच ओझे चढ-उतार करीत हजार वेळा आले की पोलादात केसाएवढी चीर पडते, आणि पुढच्या प्रत्येक फेरीला ती थोडीथोडी सरकते. इंजिनियर मंडळी याला धातूचा थकवा म्हणतात.

आता या थकव्याला गरम पाण्याची जोड द्या. बॉयलरच्या ड्रमच्या आतील अंगाला, पाणी चांगले असेल तर, लोखंडाच्या एका काळ्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो थर म्हणजे पोलादाचे कातडे. तो शाबूत आहे तोवर पाण्याचा आणि उघड्या धातूचा संबंध येत नाही. पण दाब वाढला, कमी झाला, एका बाजूस थंड पाणी लागले, की पोलाद किंचित ताणले जाते आणि चिरेच्या टोकाशी हा थर फाटतो. उघडा पडलेला धातू पाण्यात झिजतो, पुन्हा थर धरतो, पुढच्या फेरीला तो पुन्हा फाटतो. अशा रीतीने गंज आणि थकवा हे दोघे एकमेकांचा हात धरून आत शिरतात. एकटा गंज जे वीस वर्षांत करणार नाही आणि एकटा थकवा जे पन्नास वर्षांत करणार नाही, ते दोघे मिळून काही हंगामांत करू शकतात. या रोगाचे इंग्रजी नाव कोरोजन फटीग. आपण त्याला गंज-थकवा म्हणू.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे आपण म्हणतो. या भेगेचे उलटे आहे. ती येते मुंगीच्या पावलाने, वर्षानुवर्षे कोणाला न दिसता. जाताना मात्र हत्तीच्या पावलाने जाते आणि सोबत पुष्कळ काही घेऊन जाते.

या रोगाचा सर्वांत बारकाईने अभ्यास साखर कारखान्यांनी केलेला नाही, तो अणुवीज केंद्रांसाठी झाला. आपल्या महाराष्ट्रातच, समुद्रकिनारी तारापूर येथे, देशातले पहिले अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. म्हणजे जाड पोलादाच्या एका मोठ्या भांड्यात अणुइंधनाची उष्णता पाण्याला मिळते, तिथेच वाफ होते आणि ती वाफ टर्बाइनकडे जाते. चुलीत बगॅसऐवजी युरेनियम, एवढाच फरक धरला तरी चालेल. या भांड्यातला दाब साधारण ७० किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि पाण्याचे तापमान २८५ अंश सेल्सिअसच्या घरात असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. प्रवरेकाठी १९५०-५१ साली सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे कारखान्यांतले बॉयलर २१ किलोच्या आसपासच्या दाबाचे असत, आणि त्यांच्या ड्रममधले पाणी सुमारे २१५ अंशांचे. पुढे सहवीजनिर्मिती आली. वीज विकायची तर वाफ जास्त दाबाची हवी, म्हणून ४५, ६७, ८७ आणि ११० किलोचे बॉयलर बसू लागले. ६७ किलोच्या बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याचे तापमान किती असते? सुमारे २८३ अंश. म्हणजे सहवीजनिर्मितीच्या बॉयलरचा ड्रम आणि तारापूरच्या अणुभट्टीचे भांडे यांच्यात दाबाच्या आणि तापमानाच्या बाबतीत जवळपास काहीच फरक राहिलेला नाही! किरणोत्साराची भीती आपल्याकडे नाही ही मोठी जमेची बाजू खरी. पण पोलाद आणि गरम पाणी यांचा झगडा दोन्हीकडे एकच आहे. म्हणून तिकडचे शहाणपण इकडे उपयोगी पडते.

ते शहाणपण काय सांगते? १९७० च्या दशकापासून जपान, अमेरिका, युरोप येथल्या प्रयोगशाळांत अशाच पोलादाचे तुकडे गरम पाण्यात ठेवून ताण देऊन सैल सोडण्याच्या हजारो फेऱ्या घेण्यात आल्या. त्यातून तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि इतर घाण जितकी जास्त, तितकी भेग भराभर वाढते. वाईट पाण्यात हा वेग कोरड्या हवेतल्यापेक्षा दसपटीहूनही अधिक होऊ शकतो. दुसरी, पोलादात गंधकाचे कण जास्त असतील तर ते चिरेच्या टोकाशी विरघळून तिथले पाणी आणखी तिखट करतात, म्हणून जुन्या पद्धतीच्या पोलादाला जास्त जपावे लागते. तिसरी गोष्ट मनाला न पटणारी, पण खरी आहे. सावकाश चढणारा ताण झटक्याच्या ताणापेक्षा प्रत्येक फेरीमागे अधिक नुकसान करतो, कारण पाण्याला आपले काम करायला सवड मिळते.

प्रयोगशाळेबाहेरचा दाखलाही आहे. अमेरिकेतल्या याच जातीच्या अणुभट्ट्यांमध्ये १९७० च्या दशकात, जिथून फीड वॉटर भांड्यात शिरते त्या तोंडाशी, म्हणजे नोझलच्या आतल्या कडेला, भेगा सापडल्या. कारण शोधले तेव्हा दिसले की भट्टी चालू-बंद करताना किंवा कमी शक्तीवर चालवताना फीड वॉटर पुरेसे तापलेले नसते. ते गार पाणी तापलेल्या पोलादावर थडाथडा लागते, पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, आणि पुढे प्रत्येक चालू-बंदच्या फेरीत त्या खोल जातात. १९८० साली तिथल्या अणु नियामक आयोगाने यावर अहवाल काढला. तोंडाशी पाणी थेट लागू नये म्हणून आत सुधारलेली नळी बसवणे, गार पाणी टाळणे आणि ठरावीक काळाने तपासणी करणे, असे उपाय त्यानंतर झाले.

तारापूरचा अनुभवही बोलका आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या. दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रांच्या नळ्या गळू लागल्याने पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणावी लागली. भांड्याच्या पोलादावर किरणांचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी आतच ठेवलेले पोलादाचे नमुने काढून तपासले गेले. पन्नास वर्षांची नोकरी झाल्यावर, २०२० मध्ये, दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या, आणि त्या कामात भांड्यातले पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलण्याचा समावेश होता. अशा स्टेनलेस पाइपांचे तडकणे गंज-थकव्याच्या भावकीतलेच असते, तंतोतंत तेच नव्हे. पण बोध एकच आहे. ज्यांच्याकडे देशातले उत्तम शास्त्रज्ञ आहेत, तेही ‘चाललंय ना, मग चालू द्या’ असे म्हणत नाहीत.

आता आपल्या फडाकडे येऊ. गव्हाणीत ऊस नाही म्हणून गाळप थांबले, म्हणजे ज्याला कारखान्यात ‘नो केन’ म्हणतात, तेव्हा बॉयलर हाऊसमध्ये काय घडते ते प्रत्येक सभासदाला ठाऊक हवे. मिलच्या टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ कमी होते. त्याच वाफेवर डीएरेटर चालतो, म्हणजे फीड वॉटर तापवून त्यातला प्राणवायू बाहेर काढणारी टाकी. वाफ तुटली की फीड वॉटर गार पडते आणि प्राणवायू पाण्यातच राहतो. बाष्पीभवनाच्या भांड्यांकडून परत येणारे गरम, स्वच्छ पाणीही थांबते, म्हणून बाहेरचे पाणी वाढवावे लागते. आणि गाळप पुन्हा सुरू झाले की वाफेची मागणी एकदम चढते. ताणाची फेरी, गार पाणी आणि प्राणवायू हे तिन्ही वैरी एकाच वेळी एकत्र येतात. अमेरिकेतल्या त्या नोझलची गोष्ट ती हीच!

थोडक्या वेळाच्या थांब्याने आभाळ कोसळत नाही, हे आम्ही कबूल करतो. चांगला अटेंडंट दाब सांभाळून घेतो. पण हिशेब करून पाहा. समजा दीडशे दिवसांच्या हंगामात सरासरी तीन दिवसांनी एक मोठा थांबा आला, तर एका हंगामात पन्नास आणि वीस हंगामांत हजार फेऱ्या झाल्या. थेंबे थेंबे तळे साचते, तशी फेरीफेरीने भेग साचते. शेतकी खात्याचा तोडणी कार्यक्रम मोडून आपली तोड पुढे ओढणे, टोळी पळवणे, वाहने एकाच वेळी वजनकाट्यावर आणून मग रात्री गव्हाण रिकामी ठेवणे, याची किंमत केवळ डिझेलमध्ये मोजून भागत नाही. ती पोलादावर लिहिली जाते आणि ते खाते कोणी पुसू शकत नाही.

डीएरेटरविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कागद गिरण्यांत आणि इतर कारखान्यांत डीएरेटरच्या टाक्या वेल्डिंगच्या सांध्यांशी तडकलेल्या आढळल्या, काही तर फुटल्या. दाब किरकोळ, म्हणून त्या टाकीकडे कोणाचे लक्ष नव्हते. तपासणीत बहुतेक भेगांचे कारण निघाले तेच, गंज-थकवा. टाकीतला दाब कमी असला तरी आतले कित्येक टन पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असते, आणि टाकी फाटताच त्याची क्षणात वाफ होते. म्हणून बॉयलरची काळजी घ्यायची आणि डीएरेटर विसरायचा, हे दावणीचा बैल जपून दावे कुजू देण्यासारखे आहे.

आपल्या धंद्याचा एक खास शत्रू अणुवीजवाल्यांना नाही. तो म्हणजे साखर! उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. बाष्पीभवनातून परत मिळणारे पाणी हा आपल्याला लाभलेला ठेवाच आहे, कारण जिल्ह्यातल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. पण एखादी नळी गळली किंवा रस उसळून वाफेबरोबर गेला, की त्या पाण्यात साखर उतरते. बॉयलरच्या उष्णतेत साखरेची आम्ले होतात, पाण्याचा अल्कपणा पडतो आणि तो काळा थर विरघळू लागतो. म्हणून प्रयोगशाळेतला मुलगा दर थोड्या वेळाने परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉलची चाचणी घेत असतो. दोन द्रवांच्या मध्ये जांभळे कडे उमटले, की साखर आली. तत्क्षणी ते पाणी बॉयलरकडे जाण्यापासून तोडले पाहिजे. वेळ पडली तर गाळप मंद केले पाहिजे, थांबवलेही पाहिजे.

आणि इथेच माणसाची परीक्षा होते. रात्री दोन वाजता जांभळे कडे पाहिलेला केमिस्ट किंवा अटेंडंट मनात म्हणतो, “थांबवावं तर सकाळी विचारणा होणार, गाळप का कमी पडलं? न थांबवावं तर काय लगेच बॉयलर फुटतोय थोडाच?” त्याचे दुसरे म्हणणे खरे आहे. लगेच काही होत नाही. म्हणूनच मोह पडतो. ज्या कारखान्यात थांबवणाऱ्यास बोल लावला जातो, तिथे हळूहळू कोणी थांबवेनासे होते. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, पाण्यात साखर दिसल्यावर बॉयलर वाचवण्यासाठी गाळप थांबवणाऱ्या माणसाकडे खुलासा मागू नये, उलट नोटीस बोर्डावर त्याचे कौतुक लावावे.

काही सभासद म्हणतात, “सरकारी निरीक्षक येतो, पाण्याचा दाब लावून बघतो, दाखला देतो. मग आणखी तपासणी कशाला?” निरीक्षणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. कलकत्त्यास १८६३ साली बॉयलर फुटून माणसे गेली, तेव्हा पुढल्याच वर्षी बंगालात कायदा झाला. पुढे १९२३ साली साऱ्या देशासाठी बॉयलर कायदा आला आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. हे कायदे माणसांच्या जिवाची किंमत मोजून आलेले आहेत. परंतु पाण्याच्या दाबाची चाचणी सांगते ती आजची ताकद. भांड्याच्या जाडीत अर्ध्यावर पोचलेली भेग त्या दिवशी गळणार नाही आणि चाचणी पार पडेल. भेग शोधायची तर सांधे घासून स्वच्छ करून चुंबकीय भुकटीने किंवा ध्वनिलहरींनी तपासावे लागतात, आणि कुठे पाहायचे याची यादी हाती लागते.

यादीचे महत्त्व जपानमधल्या एका अपघाताने जगाला शिकवले. मिहामा येथील अणुवीज केंद्रात ऑगस्ट २००४ मध्ये गरम पाण्याचा एक पाइप फुटला आणि पाच कामगार दगावले. तिथे अणुभट्टीचा काहीच दोष नव्हता. पाइप आतून पाण्याच्या वेगाने झिजत गेला होता. मूळची १० मिलिमीटर जाडी दीड मिलिमीटरच्याही आत आली होती. ती जागा तपासणीच्या यादीतून राहून गेली होती आणि १९७६ पासून कोणी तिथे पाहिलेच नव्हते. रोग वेगळा, पण चूक ओळखीची वाटते ना? जे यादीत नाही, ते कोणाचेच नसते.

ऑफ सीझनचीही काळजी हवी. आपला बॉयलर वर्षातले निम्मे दिवस उभा असतो आणि दुष्काळाच्या वर्षी त्याहूनही अधिक. तळाशी ओल राहिली तर ड्रममध्ये गंजाचे खड्डे पडतात आणि पुढल्या हंगामात चीर नेमकी त्या खड्ड्यात जन्म घेते. एकतर बॉयलर पूर्ण कोरडा करून ओल शोषणारा चुना आत ठेवावा, नाहीतर प्राणवायू मारलेल्या अल्कयुक्त पाण्याने तो काठोकाठ भरावा. अर्धवट रिकामा ठेवणे सर्वांत वाईट.

आता खर्चाचे बोलू. समजा सहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने भेगांच्या तपासणीवर बारा लाख रुपये खर्च केले. टनामागे दोन रुपये झाले. उलट ऐन फेब्रुवारीत बॉयलर आठवडाभर बंद पडला, तर रोज पाच हजार टनांच्या हिशेबाने पस्तीस हजार टन ऊस फडात उभा राहिला. त्याचे वजन घटणार, उतारा घटणार, टोळ्या बसून राहणार, मागे पडलेल्याला तुरा येणार. हा घाटा टनामागे दोन रुपयांत बसणारा नाही. आणि फायरमनच्या घरचा माणूस गेला, तर त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात बसत नाही.

सबब आमच्या सूचना अशा. ड्रमची नोझले, डीएरेटरचे सांधे, फीड वॉटरच्या पाइपांची वळणे यांची लेखी यादी असावी, आणि प्रत्येक जागेपुढे ती शेवटची केव्हा पाहिली ते साल असावे. वार्षिक अहवालात गाळप, उतारा, साखर यांच्या शेजारी एक लहानसे बॉयलर पत्रक छापावे. हंगामात थांबे किती आले, ते कशामुळे, पाण्यात साखर किती वेळा उतरली, डीएरेटर किती तास गार चालला आणि तपासणीत काय सापडले, एवढे त्यात पुरे. सभासदांना हे कळणार नाही असे कोणी म्हणेल, तर ज्यांना ठिबकचा दाब आणि मातीचा सामू कळतो त्यांना हेही कळेल.

आणि सभासदांनी आपल्या बाजूने तोडणी कार्यक्रम पाळावा, गव्हाण रात्रीही भरलेली राहील असा ऊस द्यावा. येत्या सभेत भावावर जरूर भांडा, तो आपला हक्कच आहे. पण ‘दुरुस्ती व देखभाल’ हे सदर आले, की एवढा खर्च का केला, हे विचारून थांबू नका. “यादीतली कुठली जागा यंदा पाहायची राहिली?” असेही विचारा. ज्या दिवशी मागच्या रांगेतून हा प्रश्न येईल, त्या दिवसापासून आपल्या बॉयलरचे आयुष्य वाढू लागेल.